‘लोक बघतायत’ या भीतीनं व्यायाम का थांबतो? शरीराची लाज आणि तिच्यातून निघण्याचे मार्ग

नवे बूट आणून महिना झालेला असतो. पहाटेचा अलार्म वाजतो, जागही येते. मग आरशासमोर उभं राहून टी-शर्ट पोटावर कसा बसतोय ते पाहिलं जातं. वरून ओढणी घ्यावी का, याचा विचार होतो. बागेत या वेळी ओळखीचं कोण कोण असेल, हे आठवलं जातं. शेवटी ‘आधी घरातच थोडं वजन उतरवू, मग बाहेर पडू’ असं ठरतं आणि बूट पुन्हा खोक्यात जातात.

हा अनुभव तुमचाही असेल, तर तुम्ही एकटे नाही. चारचौघांत व्यायाम करताना वाटणारी लाज हा मानसशास्त्रात अनेक वर्षं अभ्यासला गेलेला विषय आहे. ती का वाटते, तिच्यातला किती भाग मनातला आणि किती भाग खरा, आणि तिच्यावर काय करता येतं, हे या लेखात पाहू.

हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला हवा. भराभर चालणंही यात मोजलं जातं. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

भारतात हे किती जणांना जमतं? ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जून २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल या मापाला पुरी पडत नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के.

यामागे वेळ, जागा, घरकामाचं ओझं अशी अनेक कारणं आहेत. लाज हे त्यातलं एक कारण. पण ते उघडपणे सांगितलं जात नाही. ‘वेळ नाही’ म्हणणं सोपं असतं; ‘पळताना माझं अंग हलतं आणि लोक बघतात’ हे सांगणं अवघड.

या लाजेला काही नाव आहे का?

दुसरे लोक आपल्या शरीराकडे पाहून मत बनवतील, या भीतीला संशोधक ‘सोशल फिजिक अँक्झायटी’ म्हणतात. मराठीत तिला ‘शरीराविषयीची सामाजिक चिंता’ म्हणता येईल. एलिझाबेथ हार्ट, मार्क लिअरी आणि जॅक रेजेस्की या अमेरिकन संशोधकांनी ती मोजण्यासाठी १९८९ मध्ये १२ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ती पुढे जगभर वापरली गेली.

ही चिंता केवळ वजनावर अवलंबून नसते. जाड माणसाला ती वाटते, तशी बारीक माणसालाही वाटते. कुणाला पोटाची लाज, कुणाला सडपातळ दंडांची, कुणाला घामाच्या डागांची, कुणाला पायावरच्या केसांची, तर कुणाला धाप लागल्यावर होणाऱ्या आवाजाची.

बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याचं एक कारण मांडलं. मुलींना लहानपणापासून त्यांच्या दिसण्यावरून जोखलं जातं. त्यामुळे त्या हळूहळू स्वतःकडे बाहेरून, बघणाऱ्याच्या नजरेनं पाहू लागतात. चालताना ‘पायाला कसं वाटतंय’ याच्याऐवजी ‘मागून कशी दिसत असेन’ हा विचार डोक्यात घोळत राहतो. एक लक्ष शरीराकडे आणि दुसरं बघणाऱ्यांकडे, अशी दुहेरी कसरत सुरू होते. ती थकवते आणि व्यायामातला आनंदही घालवते.

लोक खरंच किती बघतात?

याचं उत्तर शोधणारा एक प्रयोग बराच गाजला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. त्या वयाच्या मुलांना असा टी-शर्ट घालणं लाजिरवाणं वाटत होतं. तो घालून त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, ‘टी-शर्टवर कोण आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल?’

त्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्या जणांच्या. प्रत्यक्षात ते जेमतेम चौथा हिस्सा लोकांच्या लक्षात आलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ ही संज्ञा रूढ झाली. रंगमंचावरचा प्रकाशझोत आपल्यावरच आहे असं आपल्याला वाटतं, पण समोरचा प्रत्येक जण स्वतःच्याच प्रकाशझोतात उभा असतो. बागेतले बहुतेक लोक आपली फेरी कितवी, गुडघा किती दुखतोय आणि आपलं पोट दिसतंय का, याच विचारात असतात.

मात्र एक गोष्ट खरी आहे. कुणी बघत असलं की नवशिक्याच्या हालचाली अधिक अडखळतात. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, प्रेक्षक असले की सरावातलं काम अधिक चांगलं होतं आणि नवं किंवा अवघड काम बिघडतं. त्यांनी १९६९ मध्ये चक्क झुरळांवर हा प्रयोग केला. इतर झुरळं ‘बघत’ असताना सरळ वाटेवरून झुरळ अधिक वेगानं पळालं, पण वळणाच्या वाटेवर त्याला जास्त वेळ लागला.

म्हणजे पहिल्या आठवड्यात सर्वांसमोर दोरीवरच्या उड्या चुकल्या, तर तो तुमच्या शरीराचा दोष नाही. नव्या कामात असं होतंच. सराव झाला की तेच प्रेक्षक मदत करू लागतात.

मग भीती सगळी मनातलीच का?

नाही. ‘कुणी बघत नाही, तू उगाच विचार करतेस’ हा सल्ला इथेच अपुरा पडतो. लाजेचा एक भाग मनात फुगलेला असतो, तर दुसरा भाग प्रत्यक्ष अनुभवातून आलेला असतो. रोखून बघणं, शिट्टी, बाइकवरून मारलेला शेरा, मागे मागे येणं, हे स्त्रिया आणि मुली खरोखर सोसतात. अशा वेळी त्यांची सावधगिरी हा न्यूनगंड नसतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर संशोधन करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. रस्त्यावर किंवा बागेत असताना स्त्रीला तिथं असण्याचं काहीतरी ‘कारण’ दाखवावं लागतं, हे त्यातलं एक महत्त्वाचं निरीक्षण आहे. नुसतं असणं तिच्यासाठी पुरेसं मानलं जात नाही.

व्यायामाला हे नेमकं लागू पडतं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी गावोगावच्या मुली पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करतात. ‘भरतीची तयारी करतेय’ म्हटलं की घरच्यांना आणि गावाला सांगायला कारण मिळतं. पण चाळिशीतल्या बाईनं केवळ स्वतःला बरं वाटावं म्हणून त्याच रस्त्यावर पळायचं ठरवलं, तर ‘आता या वयात हिला काय सुचलं?’ हा प्रश्न येतो. शरीर तेच, रस्ता तोच. पण नुसती हौस हे कारण म्हणून चालत नाही.

म्हणून आपल्या भीतीचे दोन ढीग करून पाहावेत. ‘लोक हसतील असं मला वाटतं’ हा एक. ‘त्या वळणावर रोज कुणीतरी शेरा मारतं’ हा दुसरा. पहिल्यावर उपाय सरावाचा आहे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे सोबत, सुरक्षित जागा आणि तक्रार. तो भार एकट्या मुलीच्या ‘आत्मविश्वासा’वर टाकता येत नाही.

पुरुषांना हे जाणवत नाही का?

जाणवतं, पण ते बोलून दाखवण्याची सोय कमी असते. ‘काडी पैलवान’, ‘ढोल्या’ ही नावं शाळेच्या मैदानावरच चिकटतात. छातीचा भाग थोडा वाढलेला असलेली मुलं पोहण्याच्या तलावावर टी-शर्ट काढायचं टाळतात. पौगंडावस्थेत मुलग्यांमध्ये अशी वाढ होणं अगदी सर्रास आढळतं आणि बहुतेकांच्या बाबतीत ती आपोआप कमी होते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या टोकाला ‘कितीही कमावलं तरी आपण बारीकच’ असं वाटत राहणं आहे. हॅरिसन पोप यांच्या गटानं १९९७ मध्ये या अवस्थेला ‘मसल डिसमॉर्फिया’ असं नाव दिलं. यात पिळदार शरीराचा तरुणही सैल कपड्यांत अंग लपवतो.

टोमण्यानं माणूस व्यायामाला लागतो का?

‘बोललं की लागेल मनाला, मग सुरू करेल’ ही समजूत अनेक घरांत असते. संशोधन उलट दिशा दाखवतं.

लेनी व्हर्टानियन आणि जॅकलिन शाप्रो यांच्या २००८ च्या अभ्यासात, वजनावरून हिणवलं जाण्याचे अनुभव जास्त असलेल्या महाविद्यालयीन मुलींमध्ये व्यायाम टाळण्याची इच्छाही जास्त आढळली. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या सुमारे ३ हजार लोकांची माहिती तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांत, वजनामुळे भेदभाव सोसल्याचं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोनं वाढलं होतं. असा अनुभव नसलेल्यांचं मात्र सरासरी ०.७१ किलोनं घटलं होतं.

अशा अभ्यासांतून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण टोमणा हे औषध आहे, असं त्यातून मुळीच दिसत नाही. लाज वाटली की माणूस बागेत जात नाही. तो दार लावून घेतो.

शरीर पाहून तब्येत कळते का?

याचं एक उत्तम उदाहरण पुण्यातलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होतं. हा ‘वाय-वाय पॅरॉडॉक्स’ म्हणून ओळखला जातो.

भारतीय माणूस बाहेरून बारीक दिसला तरी आतून चरबी बाळगून असू शकतो, हे यातून ठळकपणे समोर आलं. म्हणजे बागेत जाड दिसणाऱ्या बाईकडे पाहून ‘हिला गरज आहे’ आणि बारीक माणसाकडे पाहून ‘याला कशाला हवं’ असं म्हणणारे दोन्हीकडे चुकू शकतात. व्यायामाची गरज दोघांनाही आहे. रक्तदाब, साखर, झोप आणि मूड यांवर व्यायामाचा चांगला परिणाम काट्यावरचा आकडा फारसा न हलताही होऊ शकतो.

कपड्यांचं काय करायचं?

लाजेचा मोठा वाटा कपड्यांशी जोडलेला असतो. जाहिरातींतले घट्ट कपडे घातल्याशिवाय व्यायाम होत नाही, अशी समजूत नकळत रुजते.

बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि आपल्या गटात जिंकल्या. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या उतरल्या होत्या. त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट २०२० मध्ये आला, त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. मुंबईत २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पिंकॅथॉन’ या फक्त स्त्रियांच्या धावण्याच्या उपक्रमातही साडी आणि सलवार-कमीज घालून धावणाऱ्या स्त्रिया दिसतात.

कपडे कोणते, यापेक्षा ते तीन गोष्टींत बसतात का ते पाहावं : हालचाल अडत नाही ना, घाम शोषला जातो ना, आणि सारखं ओढून सावरावं लागत नाही ना. पायात अडकणारी ओढणी किंवा घसरणारी पँट लक्ष पुन्हा पुन्हा शरीराकडे ओढते. बूट मात्र पायाला बसणारे हवेत.

मुलींसाठी आणखी एक बाब, जिच्याविषयी घरात क्वचितच बोललं जातं. ब्रिटनमधल्या २,०८९ शाळकरी मुलींच्या पाहणीत ४६ टक्के मुलींनी सांगितलं की, स्तनांमुळे त्यांच्या खेळातल्या सहभागावर काही ना काही परिणाम होतो. पळताना दुखणं आणि हालचाल दिसण्याची लाज, ही त्यातली नेहमीची कारणं. नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा ही अडचण बरीच कमी करते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली आणि अचानक मैदानावर जाणं थांबलं, तर आई, मावशी किंवा शिक्षिकेनं हे एकदा मोकळेपणानं विचारावं.

जिममध्ये जास्त अवघडल्यासारखं का होतं?

एक कारण भिंतींवरच असतं. कॅनडातल्या कॅथलीन मार्टिन गिनिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांना काहींना आरशासमोर, तर काहींना आरशाविना सायकल चालवायला सांगितली. आरशासमोर व्यायाम केलेल्यांना नंतर तितकं प्रसन्न वाटलं नाही. म्हणून पहिले काही आठवडे आरशापासून दूरची जागा निवडणं हा साधा, फुकटचा उपाय आहे.

दुसरं कारण खिशात असतं. जिममध्ये, बागेतल्या ओपन जिमवर कुणीतरी रील काढत असतं आणि मागे घामेजलेली, धापा टाकणारी अनोळखी माणसं येतात. कधी त्यांचीच टर उडवली जाते. ज्या भीतीनं माणूस महिनाभर घरात थांबला, ती खरी करून दाखवायला असा एक व्हिडिओ पुरतो. तो शेअर न करणं, ‘मागच्या माणसाला विचारलं होतं का?’ एवढं कमेंटमध्ये लिहिणं, हे प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

सुरुवात कशी करावी?

* अंतर छोटं ठेवा. सलग किमान दहा मिनिटं केलं तरच ते मोजायचं, ही अट २०२० च्या सूचनांमध्ये राहिलेली नाही. पाच मिनिटंही जमेस धरा.
* पायऱ्या करा. आधी गच्ची किंवा घरामागची गल्ली, मग बागेची शांत वेळ, मग गर्दीची वेळ. टाळलं की भीती टिकते. थोडी थोडी सवय केली की उतरते.
* जागा आणि वेळ पक्की करा. रोज त्याच वेळी तेच चेहरे दिसले की आठवडाभरात ते ओळखीचे होतात.
* सोबत घ्या. मैत्रीण, शेजारी, जाऊबाई, मुलगा, कुणीही. दोघांना मिळून बघणाऱ्यांचा विसर लवकर पडतो.
* लक्ष बाहेर न्या. झाडं मोजा, श्वास मोजा, गाणी ऐका. रस्त्यावर असाल तर एक कान मोकळा ठेवा.
* मोजमाप बदला. ‘पोट किती कमी झालं’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात दोन मजले चढून धाप लागत होती, आता तीन’ असं लिहून ठेवा.
* फीड आवरा. पाहून स्वतःविषयी वाईटच वाटतं, अशी फिटनेस अकाउंट अनफॉलो करा.

हृदयविकार, मधुमेह, सांध्यांचा त्रास किंवा गर्भारपण असेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांशी बोला.

कुणी शेरा मारला तर?

एखाद-दुसरा शेरा दुर्लक्ष करून सोडायचा की उलट बोलायचं, हे प्रसंग आणि सुरक्षितता पाहून ठरवावं. पण सतत पाठलाग, अश्लील बोलणं किंवा हावभाव सोसण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीचा लैंगिक छळ (कलम ७५), पाठलाग (कलम ७८) आणि तिचा विनयभंग करण्याच्या हेतूनं केलेले शब्द वा हावभाव (कलम ७९) हे गुन्हे आहेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. जिममध्ये घडलं तर व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या.

आजूबाजूच्यांनी काय करावं?

‘अरे वा, बारीक झालीस!’ हे कौतुक वाटलं, तरी त्यातून ‘मी तुझं शरीर मोजत होतो’ हेच पोचतं. त्यापेक्षा ‘रोज दिसता हल्ली, छान वाटतं’ हे वाक्य बरं. न विचारता सल्ला देऊ नये. घरच्यांनी ‘तू चाल’ असं सांगण्यापेक्षा त्या अर्ध्या तासात कुकर लावावा किंवा मुलांचे डबे भरावेत.

तज्ज्ञांची मदत कधी घ्यावी?

शरीरातल्या एखाद्या ‘दोषा’चा विचार रोज तासन् तास छळत असेल, लोकांत जाणंच बंद झालं असेल, जेवण टाळणं, उलट्या काढणं किंवा खाल्ल्याची ‘शिक्षा’ म्हणून व्यायाम करणं सुरू असेल, तर ही नेहमीची लाज राहिलेली नाही. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकांना भेटा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सेवेवर मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांसाठी गोष्ट त्या खोक्यातल्या बुटांपाशी येऊन थांबते. लाज पूर्ण जाईपर्यंत वाट पाहिली, तर ती वाट फार लांबते. ती थोडी सोबत असतानाच पहिली फेरी मारायची असते. दहाव्या फेरीपर्यंत बागेतलं कुणीतरी ओळखीचं हसतं आणि तुम्ही काय घातलं होतं, हे त्यांना आठवतही नसतं.